डिकी मोजा, मग स्पीकर घ्या: कारसाठी सबवूफरचा बॉक्स स्वतः बनवताना

पुण्यात गाडीच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात सबवूफर मागितला की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, "दहा इंची की बारा इंची?" आणि दुसरा, "बजेट किती?" डिकीत जागा किती सोडायची आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. मग बारा इंची स्पीकर घेतला जातो, तो मावेल त्या तयार बॉक्समध्ये बसवला जातो आणि महिन्याभरात 'बेस घुमतो, पण ठोका कळत नाही' अशी तक्रार सुरू होते. स्पीकर चांगला असतो, बॉक्सही दिसायला चांगला असतो, पण दोघांची गाठ चुकीची पडलेली असते. सबवूफरचा आवाज म्हणजे स्पीकर आणि त्याच्या मागची हवा यांचं मिळून एकच यंत्र. म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवला आहे: आधी जागा, मग हवा, मग स्पीकर, आणि सगळ्यात शेवटी लाकूडकाम.

जागेचा हिशेब

डिकी रिकामी करा आणि मोजपट्टी घेऊन बसा. रुंदी चाकांच्या उंचवट्यांच्या मधली घ्यायची, वरची नाही. खोली दोन ठिकाणी मोजा: तळाशी आणि मागच्या सीटच्या पाठीच्या उंचीला. सीटची पाठ तिरकी असते, त्यामुळे वर आणि खाली सहज दहा-बारा सेंटिमीटरचा फरक निघतो. स्टेपनी फरशीखाली असेल तर बॉक्स न हलवता ती बाहेर काढता येते का, हेही पाहून ठेवा. कात्रजच्या घाटात पावसात पंक्चर झाल्यावर वीस किलोचा बॉक्स रस्त्याच्या कडेला उतरवायला कोणालाच आवडणार नाही.

मापं मिळाली की त्या आकाराचं पुठ्ठ्याचं खोकं डिकीत ठेवून आठवडाभर गाडी वापरा. किराणा, मुलांची दप्तरं, शनिवारी गावाला जातानाच्या बॅगा हे सगळं त्या खोक्यासकट मावतंय का ते बघा. मावत नसेल तर खोकं लहान करा. हे फुकटात कळतं, प्लाय कापल्यावर महागात पडतं.

गाडी सीएनजीवर असेल आणि डिकीत सिलिंडर असेल, तर बॉक्सचा विचार सोडून द्या. सिलिंडरच्या आजूबाजूला स्क्रू मारणं, व्हॉल्व्हपाशी जायची वाट अडवणं हे करायचंच नाही. अशा गाडीला सीटखाली बसणारा, आतच अँप असलेला आठ इंची चपटा सबवूफर बरा. तो पोट हलवणार नाही, पण दारातल्या स्पीकरना जे जमत नाही ते भरून काढेल.

बंद बॉक्स की पोर्टचा

बॉक्सचे प्रकार पुष्कळ आहेत, पण घरी बनवणाऱ्यापुढे पर्याय दोनच: पूर्ण बंद, किंवा हवेसाठी नळी ठेवलेला पोर्टेड.

बंद बॉक्समध्ये कोंडलेली हवा स्प्रिंगचं काम करते. लागणारी जागा कमी, मापात थोडी चूक खपून जाते, आणि ठोका सुटसुटीत ऐकू येतो. पोर्टेड बॉक्समध्ये नळीतली हवा ठरावीक कंपनसंख्येला स्पीकरच्या मदतीला येते, त्यामुळे त्याच अँपवर आवाज मोठा मिळतो. त्याची किंमत म्हणजे जास्त लिटर, अचूक माप, आणि त्या कंपनसंख्येच्या खाली स्पीकरवर हवेचा लगाम राहत नाही. तिथे अँपवरचं सबसॉनिक फिल्टर, म्हणजे अगदी खालचे सूर कापणारी सोय, लावलं नाही तर स्पीकरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) वेडावाकडा हलून कॉइल आपटते.

नळीचं गणित किती नाजूक असतं ते बघा. ५० लिटरचा बॉक्स ३३ हर्ट्झला जुळवायचा असेल आणि नळीचा आतला व्यास १० सेंटिमीटर असेल, तर लांबी साधारण ३६ सेंटिमीटर लागते. एका नळीतून हवा फुसफुसते म्हणून तशाच दोन लावायच्या ठरवल्या, तर प्रत्येकीची लांबी ७९ सेंटिमीटर होते. छोट्या हॅचबॅकच्या बॉक्समध्ये ७९ सेंटिमीटरच्या दोन नळ्या कुठे वळवणार?

शिवाय गाडीची केबिन स्वतःच बेस वाढवते. ध्वनीच्या लाटेची अर्धी लांबी केबिनच्या लांबीपेक्षा मोठी झाली की आतला दाब वाढायला लागतो. केबिन अडीच मीटर धरली तर हे सुमारे ६९ हर्ट्झच्या खाली सुरू होतं. बंद बॉक्सचा आवाज खाली जाताना दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो, आणि केबिन नेमकी तिथेच हात देते. काचा-दारांतून दाब थोडा सुटतो, त्यामुळे हिशेब कागदावरच्यासारखा बरोबर बसत नाही, पण फायदा कानाला स्पष्ट कळतो. म्हणून माझं मत ठाम आहे: पहिला बॉक्स बनवत असाल आणि गाडी हॅचबॅक असेल, तर दहा इंची स्पीकर आणि बंद बॉक्स. पोर्टेड दुसऱ्या खेपेला.

माहितीपत्रकातले कामाचे आकडे

स्पीकरच्या खोक्यावर '१२०० वॉट मॅक्स' ठळक छापलेलं असतं. त्याकडे दुर्लक्ष करा. कामाचा आकडा आरएमएसचा, म्हणजे स्पीकर सतत पेलू शकेल ती ताकद. घरच्या हॅचबॅकला २०० ते ३०० वॉट आरएमएस भरपूर झाले. अँप घेतानाही हेच बघायचं. त्याच्या पत्रकात सीईए-२००६ किंवा सीटीए-२००६ मानकाचा उल्लेख असेल तर आकडा विश्वासाचा समजा, त्यात १४.४ व्होल्टवर, १ टक्क्यापर्यंतच्या विकृतीत मोजलेली ताकद सांगावी लागते.

पुढचे तीन आकडे म्हणजे एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस. ऑस्ट्रेलियातले अभियंते नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलेलं आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात पुढे नेलेलं हे गणित. म्हणून त्यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. एफएस ही स्पीकरची मोकळ्या हवेतली नैसर्गिक कंपनसंख्या. व्हीएएस म्हणजे त्याच्या लवचीकपणाच्या तोडीची हवा, लिटरमध्ये. क्यूटीएस म्हणजे कोन हलल्यावर किती लवकर आवरतो त्याचं माप. हे तीन आकडे ज्या स्पीकरच्या पत्रकात सापडत नाहीत तो घेऊ नका, दुकानदार कितीही भरवसा देवो. नामांकित कंपन्या ते छापतात किंवा वेबसाइटवर देतात.

एफएसला क्यूईएसने (क्यूटीएसचा फक्त विजेच्या बाजूचा भाग, तोही पत्रकात असतो) भागून आलेला आकडा ५० च्या खाली असेल तर स्पीकर बंद बॉक्ससाठी, १०० च्या वर असेल तर पोर्टेडसाठी, मधला असेल तर दोन्हीकडे चालेल असा एक ढोबळ नियम आहे. दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर काढता येतो, एवढाच त्याचा उपयोग.

कॉइल एक आहे की दोन, हेही तपासा. ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या तर २ ओहम, मालिकेत जोडल्या तर ८. चार चॅनलच्या अँपचे दोन चॅनल ब्रिज केले, म्हणजे मिळून एकाच स्पीकरला जोडले, तर बहुतेक वेळा ४ ओहमच्या खाली जाता येत नाही. जोडणीचं चित्र आधी कागदावर काढा आणि मगच पैसे द्या.

एक उदाहरण आकड्यांत

समजा दहा इंची स्पीकर मिळाला: एफएस ३० हर्ट्झ, क्यूटीएस ०.५०, व्हीएएस ४० लिटर. बंद बॉक्सचं सूत्र सोपं आहे. व्हीएएसला बॉक्सच्या लिटरने भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा आणि क्यूटीएसने गुणा. मिळतो तो क्यूटीसी, म्हणजे बॉक्ससकटचा क्यू. तो ०.७०७ आला तर आवाज सगळ्यात सपाट उतरतो. ०.८ च्या आसपास थोडा भरदार लागतो, आणि १ च्या पुढे घुमायला लागतो.

या स्पीकरला बरोबर ०.७०७ हवं असेल तर ४० लिटर लागतात. पण आपल्या खोक्यात जागा तेवढी नाही. २८ लिटर घेतले तर क्यूटीसी ०.७८ येतो आणि बॉक्ससकट कंपनसंख्या ४७ हर्ट्झ. गाडीत हे छान चालतं. आणखी दाबून वीस लिटरवर आणलं तर क्यूटीसी ०.८७ होतो, चालेल, पण पखवाजाची धूम आणि बेस गिटारची खालची तार वेगळी ऐकू येणं कमी होत जाईल. ज्यांना आलेख बघून ठरवायला आवडतं त्यांनी विनआयएसडी नावाचं मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घ्यावं. त्यात हे आकडे भरले की सगळं समोर दिसतं.

आता २८ लिटर ही निव्वळ हवा झाली. आत स्पीकरचा मागचा भाग सव्वा लिटर खातो, कोपऱ्यांच्या पट्ट्या सव्वा, आणि मधली आधाराची फळी अर्धा-पाऊण. म्हणून आतलं एकूण माप ३१ लिटर धरायचं. ४५ × ३३ × २१ सेंटिमीटरचा गुणाकार करून हजाराने भागा: ३१.२ लिटर.

१८ मिलिमीटरच्या पाटीतून याचे तुकडे असे निघतात:

पुढची आणि मागची बाजू: ४८.६ × ३६.६, तीन नग (पुढची दुहेरी)
वरची आणि खालची: ४८.६ × २१, दोन नग
डावी-उजवी: ३३ × २१, दोन नग

बाहेरून बॉक्स ४८.६ × ३६.६ × २६.४ सेंटिमीटरचा होतो. एवढ्याला ८ बाय ४ ची पूर्ण पाटी लागत नाही. ४ बाय ४ ची अर्धी घेतली तरी आधाराची फळी आणि पट्ट्या त्यातच निघतात.

सुतार हे माप फूट-इंच-सुतात उतरवून घेईल. तिथे थांबवा. पाटीला तो पाऊण इंची म्हणतो आणि पाऊण इंच म्हणजे १९ मिलिमीटर, पाटी मात्र १८ ची. दोन बाजू मिळून दोन मिलिमीटरचा फरक, आणि नेमकी तेवढीच फट जोडात राहते. मापं मिलिमीटरमध्ये लिहून द्या, आणि करवतीचं पातं तीनेक मिलिमीटर खातं हेही लक्षात ठेवा.

पाटी कोणती

एमडीएफ घट्ट, एकसंध आणि कापायला सोपं. जगभर बॉक्स त्याचेच बनतात. पण पुण्यात जून ते सप्टेंबर डिकीचं रबर एकदा जरी गळलं, तर एमडीएफची कड पाणी पिऊन फुगते आणि परत बसत नाही. एमडीएफ घेतलंच तर प्रत्येक कापलेल्या कडेला पातळ केलेल्या फेविकॉलचे किंवा प्रायमरचे दोन हात द्या. मला विचाराल तर आयएस ७१० शिक्का असलेला, म्हणजे पाणी सोसणारा मरीन, १८ मिलिमीटरचा प्लाय घ्यावा. महाग पडतो, पण वजनाला हलका असतो आणि स्क्रू धरून ठेवतो. मात्र आत पोकळ गाळे नाहीत ना, हे कड बघून आणि बोटाच्या पेराने ठोकून तपासा. पोकळ जागा बेसबरोबर गुणगुणते. स्वस्त तयार बॉक्स बहुधा भुशाच्या पाटीचे असतात. दमट हवेत त्यातले स्क्रू सैल होतात.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये पाटी घेतली तर मशीनवर सरळ कापून देणारा जवळच मिळतो. गोल भोक सोडून बाकी सगळी कापणी तिथेच करून घ्या. हातकरवतीने काटकोन साधणं कठीण, आणि हा बॉक्स काटकोनावरच उभा असतो. टर्मिनल, फ्यूज, लग अशा किरकोळ गोष्टींसाठी तापकीर गल्लीत एक फेरी पुरते.

जोडणी

आधी पुढच्या दोन फळ्या एकमेकींना फेविकॉल लावून चिकटवा आणि वर वजन ठेवून रात्रभर सुकू द्या. मग गोल भोक. त्याचा व्यास माहितीपत्रकातल्या 'कटआउट' आकड्यावरून घ्यायचा, स्पीकरच्या बाहेरच्या कडेवरून नाही. भोक मधोमध घेऊ नका; डाव्या कडेकडे सरकवलं तर उजवीकडे आधाराच्या फळीला जागा मिळते. जिगसॉने कापत असाल तर रेषेच्या आत एक मिलिमीटर ठेवून कापा आणि उरलेलं घासून काढा. राऊटर असेल तर प्रश्नच नाही.

तळ, दोन बाजू आणि मागची फळी आधी जोडा. प्रत्येक जोडाला फेविकॉलची सलग रेघ, मग शिकंजा, मग स्क्रू. स्क्रूआधी बारीक बिटने भोक पाडलंच पाहिजे, नाहीतर एमडीएफ कडेला चिरतं. स्क्रू १५ सेंटिमीटरवर एक पुरे; सुकल्यावर ताकद फेविकॉलची असते, स्क्रूचं काम ते सुकेपर्यंत धरून ठेवण्याचं. दाबल्यावर जोडातून फेविकॉल सगळीकडे सारखा बाहेर आला पाहिजे. जिथे आला नाही तिथे हवा गळणार, हे तेव्हाच ओळखावं.

आतल्या चारही लांब कोपऱ्यांत अडीच सेंटिमीटरच्या चौकोनी पट्ट्या चिकटवा. आधाराच्या फळीला मोठी भोकं पाडून ती पुढच्या-मागच्या फळीमध्ये बसवा. टर्मिनलचं भोक मागे किंवा बाजूला घ्या. सगळं सुकल्यावर आतून प्रत्येक जोडावर सिलिकॉन फिरवा आणि पूर्ण दिवस उघडं ठेवा. सिलिकॉनचा आंबट वास जायच्या आत स्पीकर बसवला तर ती वाफ आतच कोंडली जाते. घाई करू नका.

गळती तपासायला उदबत्ती उत्तम. स्पीकर तात्पुरता बसवा, कमी आवाजात ३० हर्ट्झचा सूर लावा आणि पेटती उदबत्ती जोडांवरून, टर्मिनलभोवती, स्पीकरच्या कडेने हळू फिरवा. धूर जिथे थरथरतो तिथे फट आहे. स्पीकर आणि लाकडाच्या मध्ये फोमची पट्टी हवीच.

बॉक्स थोडा लहान पडलाय असं वाटलं तर उशीत भरतात तो पॉलिस्टरचा कापूस आत सैल भरा. स्पीकरला दहा-पंधरा टक्के जास्त हवा असल्यासारखी वाटते. मॅग्नेटच्या मागच्या भोकाजवळ मात्र तो जाऊ देऊ नका.

वरून डिकीत असतं तसलं कारपेट, फेविकॉल एसआरने. दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासं झाल्यावर दाबायचं, आणि शिवण खालच्या बाजूला घ्यायची.

गाडीत बसवताना

हॅचबॅकमध्ये स्पीकरचं तोंड मागच्या दाराकडे ठेवून, वीतभर अंतर सोडून सुरुवात करा. मग बॉक्स फिरवून बघा. फरक ऐकू येतो आणि तो फुकट असतो. सेडानमध्ये डिकी केबिनपासून तुटलेली असते, तिथे सीटच्या फटीतून किंवा आर्मरेस्टमागच्या झडपेतून हवा आत यावी लागते.

बॉक्स बांधल्याशिवाय गाडी चालवू नका. जोरात ब्रेक लागला की वीस किलोचं लाकूड सीटच्या पाठीवर येतं. डिकीतल्या कड्यांना पट्टे लावणं सगळ्यात चांगलं. फरशीला स्क्रू मारायचाच असेल तर खाली वाकून पेट्रोलची टाकी आणि नळ्या कुठून जातात ते आधी बघा.

विजेच्या तारेत कंजुषी नको. २५० वॉटच्या क्लास-डी अँपला सुमारे २३ अँपिअर लागतात; पाच मीटरसाठी आठ गेजची शुद्ध तांब्याची तार घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार सर्रास विकली जाते. टोक खरवडलं की आतून पांढरी दिसते. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत असलाच पाहिजे. तो अँपसाठी नसतो. तार कुठे पत्र्यावर घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटू नये म्हणून असतो. म्हणूनच इंजिनच्या पत्र्यातून तार आत नेताना रबरी ग्रोमेट घालायचं, आणि पावसाचं पाणी तारेवरून आत येऊ नये म्हणून त्याआधी तारेला खाली झोळ द्यायचा. अर्थिंगची तार अर्ध्या मीटरच्या आत, रंग खरवडलेल्या उघड्या पत्र्यावर. सिग्नलची तार गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या, नाहीतर ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येईल.

गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीची वायरिंग कापू देऊ नका. तार न कापता जोडणारे कपलर मिळतात, आणि कंपनीच्या सिस्टीमला प्री-आउट (अँपला सिग्नल देणारी जागा) नसेल तर हाय-लेव्हल इनपुट असलेला, म्हणजे थेट स्पीकरच्या तारेवरून सिग्नल घेणारा अँप घ्या.

जुळवणी

अँपवरची गेनची कळ म्हणजे आवाजाची कळ नव्हे, ती पूर्ण फिरवायची नसते. स्पीकरची तार काढा, स्टिरिओ पाऊण आवाजावर ठेवा, इक्वलायझर सपाट करा, ५० हर्ट्झचा सूर लावा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अँपच्या आउटपुटला धरा. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: २५० वॉट, ४ ओहमला ३१.६ व्होल्ट. गेन तेवढ्यावर थांबवा. सूर बंद करा, मगच स्पीकर जोडा.

लो-पास फिल्टर, म्हणजे सबला फक्त खालचे सूर देणारी कळ, ८० हर्ट्झला. मग ओळखीचं ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावा. ढोलाचा टोल समोरून येतोय असं वाटलं पाहिजे. मागून येत असेल तर फिल्टर ७० कडे आणा. फेजची कळ ० आणि १८० अशी दोन्हीकडे करून बघा, ज्या बाजूला ठोका भरीव लागेल ती ठेवा.

यानंतर खडखड ऐकू येईल, आणि ती बहुतेक वेळा नंबरप्लेटची असते. मागे फोमची पट्टी चिकटवली की जाते. मग पार्सल ट्रे, मग दाराचं आतलं प्लास्टिक. दाबून बघा, आवाज थांबला तर तीच जागा. तिथे ब्यूटाइलची शीट लावा.

रात्री सोसायटीत शिरताना सबचा आवाज कमी करा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा मर्यादा ४५ डेसिबलची आहे, आणि बेस भिंती ओलांडून जातो. स्टिरिओवर सबची वेगळी पातळी नसेल तर अँपबरोबर मिळणारी बेसची गोल कळ स्टिअरिंगजवळ हाताशी बसवून घ्या. पंधरा दिवसांनी स्पीकरचे स्क्रू आणि अर्थिंगचा बोल्ट पुन्हा एकदा आवळा. नव्या लाकडात आणि पुण्याच्या स्पीडब्रेकरवर दोन्ही थोडे ढिले होतात.